आषाढात कोणी जात नाही

मी परदेशी कोणत्या महिन्यात जावं हे ठरवायला माझ्या सासरच्या माणसांना पावणेदोन वर्षं लागली. ह्यात कोणी आळस केला असं नाही. उलट त्या घरात इतकं मन लावून दुसरा कोणताच प्रश्न कधी हाताळला गेला नसेल. रोज जेवताना विषय निघायचा, एखादा महिना ताटाशेजारी ठेवला जायचा, सगळे मिळून त्याच्यातले दोष काढायचे आणि हात धुताना तो महिना बाद झालेला असायचा.

माझं सासर कामरगावचं. सासरे सुतार होते, त्यांना मी मामाजी म्हणायची, आणि सासूला आत्याबाई. घराच्या पुढच्या अर्ध्या भागात लाकडं, मागच्या अर्ध्या भागात आम्ही. पहाटेपासून वाकसानं लाकूड तासल्याचा आवाज सुरू व्हायचा आणि तो थांबला की आत्याबाई पोळपाट बाजूला सारून म्हणायच्या, "थांबले. चहा मांड." भुसा सगळीकडे असे. पिठात असे, पांघरुणात असे, वरणातही कधी सापडे आणि त्याबद्दल कोणी बोलत नसे. ह्यांचं नाव मी आजही घेत नाही. लिहायला बसले तरी पेन अडतं. गावात सगळे त्यांना फिटर म्हणत, म्हणून मीही इथे फिटरच लिहिते. बापाच्या हाताखाली चाकं करता करता कारंज्याच्या जिनात सरकी काढायच्या यंत्रांवर काम शिकले आणि लाकूड सुटून लोखंडाचे झाले. मामाजींना ते आवडलं नव्हतं. लोखंडाला वास येत नाही, असं ते म्हणत.

मी नांदायला आले आणि आठ महिन्यांनी फिटर युगांडाला गेले. तिथं कापूस पिकतो, जिनं आहेत, आणि आपल्याकडच्या फिटर लोकांना मागणी आहे, असं एका गुजराती शेठनं सांगितलं. आठ महिन्यांत आमचं बोलणं किती झालं असेल? ते कारंज्याहून आठवड्यातून एकदा येत. एकदा खिशात एक दातेरी चाक घालून आणलं होतं, माझ्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाले, "ह्याचा एक दात मोडला तं सारं जिन उभं राह्यते." मी म्हटलं, "मंग?" ते म्हणाले, "मंग मले बलावतेत." नवऱ्यानं आपला मोठेपणा ह्याहून थोडक्यात सांगितल्याचं मी नंतर कुठे ऐकलं नाही.

दसऱ्यानंतर त्यांचं पत्र आलं. हवा चांगली आहे. विटांचं घर मिळालं आहे, वर पत्रे आहेत. शेठच्या मुंबईच्या पेढीवर तिकिटाचं सांगून ठेवलं आहे. आणि शेवटी एक वाक्य होतं: सोयीचा महिना पाहून हिला पाठवून द्यावे. पत्र मामाजींनी मोठ्यानं वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, "सोयीचा महिना." आत्याबाई म्हणाल्या, "पाहू ना." पुढचं सगळं ह्या दोन शब्दांतून निघालं.

पहिल्या उत्साहात मामाजींनी मला अकोल्याला नेऊन फोटो काढवला आणि पासपोर्टचे कागद करवून आणले. फोटोत मी अशी दिसते की आत्ता कोणीतरी काहीतरी ओरडलं आहे. ते कागद फडक्यात बांधून माझ्या ट्रंकेत ठेवले आणि मग महिना शोधायला सगळे मोकळे झाले.

कार्तिकात दिवाळी. सून घरात आल्यावर दुसरीच दिवाळी, ती समुद्रावर कशी करायची? पुढे कापूस. आमचं लहानसं वावर होतं आणि वेचणीला बाया मिळत नसत. मार्गशीर्षभर मी आणि आत्याबाई कमरेला ओटी बांधून कपाशीच्या ओळीओळीनं सरकत होतो. पौषात कोणी शुभ काम करत नाही, हे सांगायला धनजचे जोशी मुद्दाम आले आणि भाकर, तुरीचं वरण, वांग्याचं भरीत खाऊन गेले. माघात तूर. फाल्गुनात होळी, आणि होळीच्या वेळी बोटीवर विस्तव पेटवू देतात का हे कोणालाच ठाऊक नव्हतं. चैत्र-वैशाखात सुताराच्या घरातून माणूस हलू शकत नाही. पेरणीच्या आधी अख्ख्या गावाच्या तिफणी आणि वखरं आमच्या दारात येऊन पडायची, आणि मागच्या अंगणात आम्ही वर्षभराचे पापड, कुरडया, मुगाच्या वड्या वाळत घालायचो. माझे वडील किन्हीराजाहून आंब्याची पाटी घेऊन आले, दोन दिवस राहिले, रस-पोळी खाल्ली, आणि जाताना त्यांचं मत सांगून गेले की आंबे संपू द्यावेत. आंबे संपले तेव्हा ज्येष्ठ लागला होता, आणि ज्येष्ठापासून आश्विनापर्यंत समुद्र.

समुद्राच्या बाबतीत आमच्या गावात एकच जाणकार होते. ते म्हणजे हाजीचाचा. भांड्यांना कल्हई करायचं त्यांचं काम. हजला बोटीनं जाऊन आलेले. कामरगावात बोट पाहिलेला दुसरा माणूस नव्हता. मामाजींनी त्यांना बोलावलं, बाजेवर बसवलं, चहा दिला. चाचांनी सांगितलं की जिद्द्यापर्यंत त्यांना उभं म्हणून राहता आलं नाही. "जीकाद का महिना था. उस महिने में किसी को मत भेजो भाऊ. पेटातलं सारं बाहर येऊन राह्यलं होतं." मामाजींनी विचारलं, "जीकाद म्हंजे आपला कोणता महिना?" चाचा म्हणाले, "हर साल अलग." मामाजींनी बोटांवर महिने मोजले. चाचांचे महिने दर वर्षी मागे सरकतात, म्हणजे काही वर्षांनी प्रत्येक महिना तोच होतो, हे त्यांच्या हळूहळू ध्यानात आलं. तरी त्यांनी चाचांचा सल्ला मोडीत काढला नाही. एकुलता एक जाणकार होता.

माझी नात शिकायला अमेरिकेला निघाली तेव्हा मी तिला विचारलं, कोणत्या महिन्यात? ती म्हणाली ऑगस्ट. मी म्हटलं, का? ती म्हणाली, कॉलेजनं कळवलं. बस. चातुर्मास चालू होता, तिच्या आईला ताप होता, बाहेर पाऊस कोसळत होता, आणि कोणी काही बोललं नाही. मला त्या कॉलेजचा हेवा वाटला.

ह्या सगळ्यात अडचण अशी की पत्र जायला सव्वा महिना आणि उत्तर यायला सव्वा महिना. मामाजी कळवत, माघात पाठवण्याचा विचार आहे. फिटर लिहीत, माघ चांगला आहे, मी रजा मांडून ठेवतो. हे उत्तर येई तेव्हा चैत्र लागलेला असे आणि माघ कोणत्या कारणानं रद्द झाला हेही आमच्या लक्षात नसे. तिकडे त्या माणसानं किती वेळा रजा मांडली आणि परत घेतली, ते मला पुष्कळ नंतर कळलं. सहा वेळा.

मला जायचं होतं का? सुरुवातीला मी हा प्रश्न स्वतःला विचारला नाही. विचारायची रीतच नव्हती. पण पत्रात माझ्यासाठी वेगळा अर्धा कागद असायचा. मी चौथी शिकलेली, मला वाचता येई. तिथं केळी हिरवी असतानाच उकडून खातात. तळ्यात इतके मोठे मासे आहेत की दोघं जण बांबूला लटकवून नेतात. घराच्या मागे एक झाड आहे, त्याचं नाव मी अजून शिकलो नाही, तू आलीस की विचारू. आत्याबाईंना वाचता येत नव्हतं, त्या मला तो अर्धा कागदही वाचायला लावत. मी मधल्या ओळी सोडून वाचायची. त्या म्हणत, "इथी काहीतरी गिळलं तू." मी म्हणायची, "नाई वो आत्याबाई, शाई पुसली हाये." त्या कागदाकडे पाहायच्या. शाई कुठेच पुसलेली नसे, आणि तेवढं त्यांना न वाचताही दिसत होतं. त्यांच्यासाठी मोठ्या कागदात एक ठरलेली ओळ असे: आईस साष्टांग नमस्कार, प्रकृतीस जपावे. दर वेळी तीच. त्या ती दोनदा वाचायला लावत.

एकेक महिना बाद होत गेला तशी मला जायची ओढ लागली. दुसऱ्या वर्षी फाल्गुनात, मामाजी कारंज्याला सागवान बघायला गेलेले असताना, मी आणि आत्याबाई अंगणात तूर पाखडत होतो. मी सूप खाली ठेवलं आणि विचारलं, "आत्याबाई, मी जाऊच नये असं वाटते का तुमाले?"

त्यांनी सूप थांबवलं नाही. म्हणाल्या, "हो."

एवढ्या सरळ उत्तराची माझी तयारी नव्हती. मला वाटलं होतं त्या जोशांचं किंवा समुद्राचं नाव सांगतील. मी म्हटलं, "काहून?"

"तू इथी हायेस म्हणून त्याची चिठ्ठी येते," त्या म्हणाल्या. "तू गेली का कोनाले लिहीन तो? मले? मले एक ओळ रायते त्याची. ते एक ओळ तो वर्षातून एकदा लिहीन, मंग दोन वर्षातून. आन् येईन कायले? बायको तिथी, घर तिथी." मग त्यांनी सुपातला कचरा फुंकला आणि माझ्याकडे पाहिलं. "तुले राग आला?"

मी म्हटलं, "हो."

"येऊ दे," त्या म्हणाल्या आणि माझ्यापुढे सूप सरकवलं.

मी तीन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांनी ते मनावर घेतलं नाही, किंवा घेतल्याचं दाखवलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी काड्यांवर कणीक गुंडाळून सरगुंडे केले, मला आवडायचे म्हणून, आणि ताट पुढे ठेवून निघून गेल्या. मी खाल्ले. राग होताच, पण सरगुंडे गार झाले की चिवट होतात. आज त्या वयाची होऊन लिहिते आहे तेव्हा वाटतं, त्या घरात खरं बोलणारं एकच माणूस होतं, आणि ते माझ्या विरुद्ध होतं.

त्यानंतर चैत्र गेला, वैशाख गेला. आषाढात, उभ्या पिकातलं तण काढायच्या डवरणीच्या दिवसांत, टपालवाला भिजलेली पिशवी सावरत आला. मामाजी दांडा तासत होते. त्यांनी पाकीट घेतलं, पत्ता पाहिला आणि वाकस खाली ठेवला. अक्षर फिटरचं नव्हतं. आतून आत्याबाई म्हणाल्या, "चहा मांडू का?" मग त्या बाहेरच आल्या. मामाजींनी पाकीट माझ्या हातात दिलं. "वाच," म्हणाले, "मले चष्मा नाई सापडत." चष्मा त्यांच्या कपाळावर होता.

मी वाचलं. लिहिणारा तिथल्या कोठारावरचा कारकून होता. आपल्या चिरंजीवांचा उजवा हात यंत्रात सापडला. चार बोटे काढावी लागली, अंगठा शाबूत आहे. दवाखान्यातून घरी आले आहेत, ताप नाही. शेठ त्यांना देखरेखीच्या कामावर ठेवणार आहेत. चमच्याने डाव्या हाताने जेवतात. त्यांनी सांगितले आहे की काळजी नसावी, आणि घरच्या मंडळींना आता घाईने पाठवू नये, सोयीचा महिना पाहून मग पाठवावे. ह्या वेळी मी काही गिळलं नाही. माझ्यासाठी वेगळा कागद नव्हता.

हाजीचाचा बातमी ऐकून आले. मामाजी भिंतीला टेकून बसले होते. ते म्हणाले, "दिवाळी होऊ द्या. दिवाळीनंतर समुद्र बसते. मंग मी सोता नेऊन सोडतो तिले." चाचांनी मान हलवली. "आषाढात कोई नहीं जाता भाऊ."

मी उभी होते. मला म्हणायचं होतं, मी आत्ता जाते. दोन-तीनदा तोंड उघडलं. सासऱ्यासमोर, परक्या पुरुषासमोर, असं वाक्य मी जन्मात बोलले नव्हते आणि ते तोंडाबाहेर पडेना. आत्याबाई चुलीकडे गेल्या होत्या. तिथूनच त्यांनी विचारलं, "त्याले भाकर कोन मोडून देते तिथी?"

"चमच्यानं खाते म्हणे," मामाजी म्हणाले.

"चमच्यानं," आत्याबाई म्हणाल्या. तव्यावरची भाकर त्यांनी उलटली, निखाऱ्यावर टाकली, फुगू दिली, काढली. मग पदराला हात पुसत दारात आल्या. "गाडी जुंपायची तयारी करा. सकाळी निंघाचं."

"अवं, आषाढ हाये."

"मले ठाऊक हाये कोनता महिना हाये. इतके दिवस सारे महिने मीच तं मोजून राह्यली."

"जोशांले तरी इचारू?"

"त्याले जेवाले बलावजा. ती गेल्यावर."

तेव्हा माझं अडलेलं वाक्य सुटलं. मी म्हटलं, "मी जातो." आमच्याकडे बायाही 'जातो' म्हणतात. चाचांनी माझ्याकडे पाहिलं आणि चहाचा कप खाली ठेवला. "तो लिंबू रखना साथ में," ते म्हणाले. "और जहाज के बीच में बैठना, बेटी. किनारे पे नाही." त्यांनी दिलेला हा एकच सल्ला मला पुढे कामी आला.

त्या दुपारी आत्याबाईंनी दुधात पीठ भिजवून दशम्या केल्या, तेलातली चटणी कुटली, लोणच्याच्या बरणीचं तोंड फडक्यानं बांधलं. मी ट्रंक भरत होते. त्या शेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "आता त्याच्या हातची चिठ्ठी येत नाई. येईन तं तुह्या हातची येईन. म्हणून धाडून राह्यली, समजलं का? मी काई मोठ्या मनाची नाई." मी म्हटलं, "समजलं." त्या म्हणाल्या, "त्याले डाव्या हातानं लिहाले शिकवजो." आणि बरणीची गाठ पुन्हा एकदा आवळली.

कारंज्यापर्यंतचा रस्ता आषाढात रस्ता नसतो. काळी माती चाकांना धरून बसते, सोडत नाही. मामाजी स्वतः केलेल्या चाकांना शिव्या घालत दर फर्लांगाला उतरून चिखल खरवडत होते. मी आणि आत्याबाई डोक्यावर पोतं घेऊन बसलो होतो. त्या कारंज्याच्या पुढे कधी गेल्या नव्हत्या आणि जाणार नव्हत्या. स्टेशनवर लहान गाडी उभी होती. मी पाया पडले आणि मामाजींच्या मागे डब्यात चढले, जागा मिळते का बघायला. जागा भरपूर होती. आषाढात कोणी जात नाही. खिडकीतून पाहिलं तर आत्याबाई इंजिनाकडे बघत होत्या, ते आपलं काम नीट करतंय का अशा चेहऱ्यानं. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही. मी परत आले तेव्हा त्यांना जाऊन चार वर्षं झाली होती. तेव्हा हे ठाऊक असतं तर जागा धरायची घाई केली नसती. माझी पत्रं मात्र त्यांना महिन्याला एक ह्याप्रमाणे मिळत गेली, आणि मामाजी ती दोनदा वाचत.

मुंबईत शेठच्या पेढीवरच्या माणसानं आम्हाला बोट कंपनीच्या कचेरीत नेलं. तिथला कारकून मराठी होता. मामाजींनी पागोटं सारखं करून अदबीनं विचारलं, "साहेब, ह्या दिवसात बोट जाते का?"

"दर पंधरवड्याला," तो म्हणाला.

"पावसाळ्यात?"

"बाराही महिने. आगबोट आहे, तिला काय? हलते जरा." त्यानं माझे कागद उलटले. "पासपोर्ट दोन वर्षांपूर्वीचा दिसतो. इतके दिवस काय करत होता?"

मामाजींनी माझ्याकडे पाहिलं, मग काउंटरच्या लाकडाकडे. त्याच्यावर बोट फिरवलं. "साग हाये," ते म्हणाले. "चांगला साग हाये."

बोटीत माझ्या सोबतीला शेठच्या नात्यातली मोतीबेन नावाची बाई होती. हाजीचाचा खोटं बोलले नव्हते. पंधरवडाभर मी बोटीच्या मधोमध पडून होते आणि लिंबं हुंगत होते. चौथ्या दिवशी बोट अशी कलंडली की लोणच्याची बरणी घरंगळून फुटली, आणि मोतीबेन, जिला तोवर पाणीही पचत नव्हतं, उठून बसली आणि म्हणाली की वास छान येतो आहे. आम्ही फरशीवरच्या फोडी वेचून, धुऊन खाल्ल्या. माझ्या पोटात राहिलेलं ते पहिलं अन्न. पुढे मोंबासा, तिथून आगगाडी, दोन रात्रींनी तिचा शेवट, आणि मग पुन्हा बोट. ह्या वेळी ज्याला ते तळं म्हणतात त्या पाण्यावरून, ज्याचा दुसरा काठ दिसत नव्हता.

युगांडातल्या जिंजाच्या धक्क्यावर लख्ख ऊन होतं. मुंबईच्या पेढीनं तार केली होती. फिटर गर्दीच्या थोडं बाजूला उभे होते. वाळले होते. डाव्या हातात टोपी होती आणि उजवा हात कोटाच्या खिशात. मी समोर जाऊन उभी राहिले. आठ महिने ज्याच्या घरात राहिले त्या माणसाकडे मी असं भर उजेडात, चार लोकांत, सरळ कधी पाहिलं नव्हतं.

"आषाढात निंघाली?" ते म्हणाले. "आईनं धाडलं?"

"त्यायनंच धाडलं."

त्यांनी हातातली टोपी डोक्यावर घातली. मी म्हटलं, "हात दाखवा." त्यांनी ऐकलं नाही असं केलं. मी पुन्हा म्हटलं. तेव्हा त्यांनी खिशातून हात काढला आणि दुसरीकडे बघितलं. जखम भरली होती. कातडी नवी, गुलाबी होती आणि अंगठा एकटाच बाजूला उभा होता. मी तो हात दोन्ही हातांत धरला. कामरगावात हे केलं असतं तर गावात तोंड दाखवता आलं नसतं. इथं शेजारून एक माणूस मोठा मासा खांद्यावर घेऊन गेला आणि त्यानं आमच्याकडे बघितलंही नाही.

"सामान किती हाये?" त्यांनी विचारलं.

"एक ट्रंक."

"मंग होते," ते म्हणाले. डाव्या हातानं त्यांनी ट्रंकेची एक कडी धरली. दुसरी मी धरली. ट्रंक जड होती, आणि आमची उंची सारखी नसल्यामुळे ती सगळा रस्ता माझ्याच बाजूला कलत राहिली.